परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? आधी पुण्यातच चौकशी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या बसथांब्यांना चिकटवलेल्या कागदांवर एकच मजकूर सारखा दिसतो : ‘परदेशात इंग्रजी शिक्षक व्हा. कोणतीही पदवी चालेल. अनुभवाची अट नाही. राहण्याची सोय मोफत.’ खाली एक मोबाइल नंबर. शाळेचं नाव नाही, पत्ता नाही, बऱ्याचदा देशाचंही नाव नाही. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. मध्ये काही वर्षं ओमानला, निझवा इथे एका कॉलेजच्या फाउंडेशन वर्षाला, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्षाला, शिकवलं. आता निवृत्त आहे. असे कागद हातात घेऊन माजी विद्यार्थी घरी येतात आणि विचारतात, ‘मॅडम, जाऊ का?’ त्यांना जे सांगते ते आणखी काही घरांत पोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे, पण विषय पोरांच्या पैशांचा आणि कधीकधी जिवाचाही आहे.

परदेशातली नोकरी चांगली निघते की वाईट हे नशिबावर असतं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात मान्य नाही. नोकरी कशी आहे हे जवळजवळ सगळं इथेच, कोथरूडमध्ये किंवा हडपसरमध्ये बसून, एक रुपयाही न भरता कळू शकतं. विचारायचं काय आणि कोणाला, एवढं ठाऊक हवं.

पहिली गोष्ट पासपोर्टची. इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांत अनेक देश तुमचं इंग्रजी ऐकण्याआधी तुमचा पासपोर्ट पाहतात. हे अन्यायाचं आहे. इंग्रजी आपल्याकडे १९६३ च्या राजभाषा कायद्यानुसार केंद्राच्या कारभारात चालते, न्यायालयात चालते, कॉलेजात चालते, तरी परदेशी कायद्याच्या लेखी आपण ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले, नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-टू व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार २०१० मध्ये लागू झाला, त्यात भारतीयांसाठी एक चिंचोळी वाट ठेवली आहे, पण ती सरकारी शाळांतल्या सहायक शिक्षकाची, आणि शिक्षकी पात्रता असलेल्यांसाठी. तिथल्या खासगी क्लासेसना, म्हणजे हागवॉनना, ती लागू नाही. म्हणून कोणी ‘सोलमध्ये क्लासमध्ये नोकरी, फक्त बी.ए. हवं’ असं सांगत असेल तर तो खोटं बोलतो आहे, हे व्हिसाचा नियम वाचूनच कळतं.

चीनचंही तसंच. तिथे भाषाशिक्षकाचं वर्क परमिट मुळात ती भाषा मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना धरून बेतलेलं आहे. त्यात जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि इंग्रजीच्या क्लासेसचा मोठा बाजार बसला. तरीही ‘बिझनेस व्हिसावर या, विद्यार्थी व्हिसावर या, कोणी विचारत नाही’ असं सांगून मुलांना पाठवणारे आहेत. विचारतात. चीनच्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर धरलं तर ५ ते १५ दिवस कोठडीही. एजंट पुण्यात असतो, कोठडीत शिक्षक जातो.

जपानच्या नियमाबद्दल मला विशेष लिहायचं आहे, कारण तो आपल्या मुलांना थेट लागतो. तिथल्या शाळांत परकी भाषा शिकवण्यासाठी जो इन्स्ट्रक्टर व्हिसा आहे, त्यासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी सहज बसते, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेला मुलगा बसत नाही, मग त्याचं इंग्रजी कितीही तयारीचं असो. मला याचं फार वाईट वाटतं. माझ्या अनुभवात वर्गात उत्तम शिकवणारे अनेक जण मराठी माध्यमातून आलेले होते. त्यांनी ही भाषा मोठेपणी, समजून-उमजून, एकेक नियम पडताळत आत्मसात केलेली असते. शिकणारा कुठे अडखळतो ते त्यांना आतून ठाऊक असतं. पण नियम नियम आहे, आणि तो फी भरण्याआधी कळला तर निदान पैसे तरी वाचतात.

दारं बंद आहेत असं मात्र कोणी समजू नये. भारतीय शिक्षक परदेशात शिकवत आले आहेत ते आजचे नाहीत. सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या शाळाशाळांत भारतीय शिक्षक होते, पुढे नायजेरियात होते, मालदीवच्या बेटांवर अजूनही आहेत. ओमान, अमिराती, सौदी, कुवेत, कतार इथल्या सीबीएसईच्या शाळांना भारतीय शिक्षकच लागतात, मात्र त्यांना बी.एड. हवं असतं. थायलंडमध्ये भारतीयांना काम मिळतं. त्यासाठी पदवी, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे कुरुसपाचा, परवाना किंवा तात्पुरती सूट एवढं सगळं लागतं, आणि चांगली शाळा यात स्वतः मदत करते. व्हिएतनाममध्येही पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र असलेल्याला वर्क परमिट मिळू शकतं.

आणि ज्यांनी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंचचे बरेच वर्ग केले आहेत, त्यांना एक वाट आहे जिच्याबद्दल पुण्यात आश्चर्यकारकरीत्या कमी बोललं जातं. फ्रान्सचं सरकार परदेशांतून भाषा-सहायक घेतं, त्यात भारतातून इंग्रजीसाठीही घेतं. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास फ्रेंच शाळेत मुलांशी इंग्रजी बोलायचं, वर्गशिक्षकाला मदत करायची. महिन्याला हातात साधारण ८०० युरो पडतात. त्यातून शिल्लक फारशी राहत नाही. पण कागद सरकारी, शाळा खरी आणि अनुभवपत्र पुढे कुठेही दाखवता येतं. दरवर्षी फ्रेंचच्या परीक्षांना बसणाऱ्या पुण्याच्या मुलांपैकी कितींच्या कानावर हे जातं?

आता एक ऑफर लेटर सांगते. गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थिनी ते मोबाइलवर घेऊन आली. व्हिएतनामची नोकरी होती. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं. वर एक रंगीत बोधचिन्ह, खाली ‘अभिनंदन’. शाळेच्या जागी ‘आमच्या सहयोगी शाळांपैकी एक’. पगाराच्या आकड्याआधी ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द, म्हणजे त्याखाली कितीही. कामाचे तास ‘गरजेनुसार’. व्हिसाच्या रकान्यात ‘ई-व्हिसावर प्रवेश, आल्यानंतर बदलून दिला जाईल’. प्रोसेसिंगचे ४५,००० रुपये आठवड्याच्या आत. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात, ‘मूळ पदवी प्रमाणपत्र करार संपेपर्यंत कार्यालयात जमा राहील’.

मी तिला तीनच प्रश्न लिहून पाठवायला सांगितले : शाळेचं नाव आणि पत्ता काय? वर्क परमिटचा अर्ज कोण करणार आणि मी निघण्याआधी की नंतर? पगार कोणाच्या खात्यातून येणार? दोन दिवसांनी उत्तर आलं ते लेखी नव्हतं, व्हॉइस मेसेज होता. ‘बेटा, तू खूप प्रश्न विचारतेस, जागा भरत आल्या आहेत.’ मग त्यांनी तिच्या वडिलांना फोन करायला सुरुवात केली, मुलीचं भलं होतंय आणि तुम्ही आडवे का येता वगैरे. वडील एसटीतून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. ते गडबडले होते. मी त्यांना बोलावून समजावलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा फार तर ९० दिवसांचा असतो आणि तो म्हणजे वर्क परमिट नव्हे. त्यावर वर्गात उभं राहून शिकवणं हे तिथल्या कायद्यात बेकायदा काम आहे. वर्क परमिटसाठी पदवी प्रमाणित करून न्यावी लागते, पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, आरोग्य तपासणी लागते, आणि हे सगळं ज्याला खरंच करायचं आहे तो मालक तुमच्याकडे ही कागदपत्रं निघण्याआधी मागतो. ज्याने मागितलीच नाहीत त्याला तुमचं परमिट काढायचंच नाही. त्यांना ते पटलं. मुलगी गेली नाही. आता बी.एड. करते आहे आणि गल्फमधल्या शाळांकडे थेट अर्ज करणार आहे.

या ऑफर लेटरवरून मुलांना मी एवढंच सांगते की चांगली शाळा प्रश्नांना कंटाळत नाही. ती उलट तुम्हालाच जास्त प्रश्न विचारते. व्हिडिओवर डेमो धडा घ्यायला लावते, आधीच्या मुख्याध्यापकांना फोन करते, पदवीची खातरजमा करते. यात एक-दोन महिने जातात. पुण्यातली मुलं या वेळेला वैतागतात आणि जो आठवड्यात ‘सिलेक्शन’ सांगतो त्याच्याकडे वळतात. तुम्ही आपणहून मागावी अशी एक गोष्ट आहे : आत्ता त्या शाळेत शिकवत असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मिळेल का? ज्या शाळेत लोक सुखाने राहतात तिला हे द्यायला दोन मिनिटं लागतात. बाकीचे वेळ मारून नेतात.

करार हाती आला की पगाराच्या आकड्याला रुपयांत गुणणं पाच मिनिटं थांबवा. आधी तास पाहा. आठवड्याला २० ते २५ तास प्रत्यक्ष शिकवणं हे बऱ्यापैकी नेहमीचं प्रमाण आहे. ३० च्या वर असेल तर तयारी आणि वह्या तपासणं रात्री घरी येणार, हे धरून चाला. करारात ‘शिकवण्याचे तास’ लिहिलेत की ‘कामाचे तास’, हे नीट पाहा, कारण दोन्हींत दिवसाला तीन-चार तासांचा फरक पडू शकतो. मग घर : मोफत घर म्हणजे स्वतंत्र खोली की चौघांत एक फ्लॅट? जायचं-यायचं तिकीट, आरोग्य विमा, व्हिसाचा खर्च कोणाचा? शाळेला सुट्टी लागली की त्या महिन्यांचा पगार मिळतो का? नोकरी मध्येच सोडली तर दंड आहे का, किती? गल्फमध्ये असाल तर नोकरी संपताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा उल्लेख आहे का? यातल्या ज्या प्रश्नाचं उत्तर करारात नाही, ते ईमेलवर लेखी मागा. फोनवरचा शब्द तिकडे कोणी ऐकून घेत नाही.

मी निझव्याला होते तेव्हा आम्हाला कॉलेजने थेट घेतलं नव्हतं, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीमार्फत घेतलं होतं. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच पुस्तकावरून, एकाच वर्षाच्या दोन तुकड्या शिकवणाऱ्या दोघांचा पगार पासपोर्ट बघून ठरायचा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका ब्रिटिश बाईंना हे कळलं तेव्हा त्या स्वतः माझ्याबरोबर कंपनीच्या माणसाकडे आल्या होत्या. उपयोग झाला नाही. तेव्हा ओमानमध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसरी नोकरी धरता येत नसे, त्यामुळे लोक गप्प बसत. ही अट २०२१ पासून निघाली, करार संपला की आता शिक्षक दुसरीकडे जाऊ शकतो. कतारनेही २०२० मध्ये असा बदल केला. शिक्षकाच्या पगारापेक्षाही हा मुद्दा मला मोठा वाटतो : नोकरी बदलता येते का? ज्या देशात बदलता येते तिथला मालक शिक्षकाला नीट वागवतो, कारण तो सोडून जाऊ शकतो. आणि पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. सौदीत आणि अमिरातीत मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यानेच मना आहे.

प्रमाणपत्रांबद्दल. ‘१२० तासांचं टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट, ऑनलाइन, डिस्काउंटमध्ये’ ही दुसरी मोठी फसगत. १२० हा आकडा कुठून आला? सेल्टा या केंब्रिजच्या अभ्यासक्रमाचे किमान तास तेवढे असतात, म्हणून सगळ्यांनी तो आकडा उचलला. पण सेल्टाचा जीव त्या आकड्यात नाही. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गावर सहा तास शिकवावं लागतं आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक मागे बसून पाहत असतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टटीसॉल या तशाच अभ्यासक्रमातही तेच. चांगल्या शाळा जाहिरातीत या दोनांची नावं किंवा ‘निरीक्षणाखालचं अध्यापन’ अशी अट लिहितात ती याचसाठी. मोबाइलवर प्रश्नांना टिक करून मिळालेल्या प्रमाणपत्रात हे सहा तास नसतात, म्हणून ते काही हजारांत मिळतं आणि बरी शाळा त्याला विचारत नाही.

त्या सहा तासांत काय होतं ते सांगते, म्हणजे फरक कळेल. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे चांगलं बोलणारा. मीही तशीच शिकवत आले होते, अनेक वर्षं, आणि वर्ग शांत बसायचा. निरीक्षणाखालच्या पहिल्या धड्यानंतर माझ्या प्रशिक्षकांनी वही समोर धरली. त्यात त्यांनी घड्याळ लावून लिहिलं होतं : ४० मिनिटांच्या धड्यात बाई २६ मिनिटं बोलल्या. ‘मुलांनी इंग्रजी कधी बोलायचं?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या धड्याला मी ‘प्रेझेंट परफेक्ट’चा नियम फळ्यावर लिहिलाच नाही. ज्यांनी समुद्र पाहिलाय त्यांनी उभं राहा, ज्यांनी बर्फ पाहिलाय त्यांनी उभं राहा, मग एकमेकांना विचारा कुठे, केव्हा, असं करत गेले आणि ‘हॅव यू एव्हर’ त्यांच्या तोंडून आलं. पुढे ओमानी मुलांसमोर हे फार कामाला आलं. अरबीत वर्तमानकाळात ‘आहे’ म्हणावं लागत नाही, त्यामुळे ती मुलं ‘ही टीचर’ असं म्हणून थांबतात. ‘प’चा ‘ब’ होतो, पार्किंगचं बार्किंग होतं. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या हाताला डावीकडून सुरुवात करताना त्रास होतो. हे ज्याने वर्गात पाहिलंय तो मुलाखतीत पाच वाक्यांत ओळखू येतो. परदेशी शाळेला तो माणूस हवा असतो.

सेल्टा स्वस्त नाही, लाखाच्या वर खर्च येतो. आता पूर्ण ऑनलाइनही करता येतो, त्यातही शिकवणं आणि निरीक्षण असतंच. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचे इंग्रजी-अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहावेत, किंवा सरळ बी.एड. करावं. आणि अनुभव? तो मिळवायला परदेशात जायची गरज नाही. पुण्यात वर्षानुवर्षं इराण, येमेन, अफगाणिस्तान, सुदान अशा देशांतून विद्यार्थी येतात. इंग्रजीत व्याख्यानं ऐकताना ती मुलं पहिलं वर्ष अक्षरशः घुसमटतात. चाकण-रांजणगावच्या कोरियन आणि जपानी कंपन्यांतल्या इंजिनीअरांची कुटुंबं इथे राहतात, त्यांच्या मुलांना, बायकांना इंग्रजी हवं असतं. त्यांना शिकवणं हे अगदी तेच काम आहे जे हनोईत किंवा मस्कतमध्ये करायचं आहे. दहावीच्या मराठी मुलांचं व्याकरण पक्कं करून घेणं हे वेगळं काम. या परदेशी लोकांना वर्षभर शिकवा, ज्या संस्थेत शिकवलं तिच्याकडून तास, पातळी, वयोगट लिहिलेलं पत्र घ्या. अर्जात ते पत्र वरच्या कागदाला लावा.

कागदपत्रांसाठीही लोक एजंटांना भरमसाट पैसे देतात. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मुंढव्याच्या केंद्रात होतो, फी ५०० रुपये. पदवी आधी राज्य पातळीवर प्रमाणित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. मंत्रालयाची स्वतःची फी एका कागदाला ५० रुपये आहे, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे थोडे पैसे. भारत अपॉस्टिलच्या करारात २००५ पासून आहे. ओमान, बहारीन, आणि २०२२ पासून सौदीही तो मानतात. अमिरातीसाठी दूतावासाचा शिक्का वेगळा लागतो. हे सगळं स्वतः करता येतं, थोडी धावपळ होते इतकंच.

एजंटाबद्दल कायदा काय म्हणतो? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, नाव टाकून कोणालाही पाहता येते. नोंदणीकृत एजंटालासुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. ज्या ऑफर लेटरबद्दल वर लिहिलं त्यातली ४५,००० ची मागणी इथेच नियमाबाहेर जाते. त्या कंपनीचं नाव यादीत नव्हतंच. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारच्या म्यावाडी भागात पळवून नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात असल्याचा इशारा द्यावा लागला होता. ती मुलं आयटीची होती, पण ‘थायलंडला टूरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही बघू’ हे वाक्य त्यांनाही असंच ऐकवलं गेलं होतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, दोन्ही पुण्यातच पूर्ण होण्याजोग्या.

पहिली विद्यापीठाकडे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इंग्रजी विभाग आहे, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र आहे, रानडेमध्ये परकीय भाषा कशा शिकवतात ते जाणणारे अध्यापक आहेत. एम.ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने एक सत्र, निरीक्षणाखाली, विद्यापीठातल्याच परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवावं आणि त्याचं प्रमाणपत्र त्याला मिळावं, यात अवघड काय आहे? आज एम.ए.ला आपण साहित्य आणि भाषाशास्त्र भरपूर शिकवतो, पण पदवी हातात पडते तेव्हा अनेकांनी एकाही वर्गासमोर उभं राहून शिकवलेलं नसतं. जागा आहे, शिकणारे आहेत, शिकवायला उत्सुक मुलं आहेत. परदेशी विद्यार्थ्यांचं पहिलं वर्ष सोपं जाईल आणि आपल्या मुलांच्या हातात असा कागद येईल ज्याला बाहेर किंमत आहे. संबंधितांनी हे मनावर घेतलं तर निवृत्त असले तरी मागे बसून निरीक्षण करायला मी आनंदाने येईन, आणि माझ्यासारखे आणखी काही जण येतील हे मी त्यांच्याशी बोलूनच लिहिते आहे.

दुसरी मागणी वर्तमानपत्रांकडे, म्हणजे आपल्याकडेही. परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारताना भरती करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याची जाहिरात घेऊ नये. वाचक पेपरात छापून आलेल्या गोष्टीवर अजून विश्वास ठेवतात. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनीही मला हेच म्हटलं होतं, ‘पेपरात आलंय म्हणजे चौकशी केलीच असेल ना त्यांनी?’ त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही. जाहिरात विभागाने याबद्दल काही ठरवलं तर ते वाचकांना कळवावं, ही विनंती. जून-जुलैत निकाल लागले की या जाहिरातींचा भर वाढतो, म्हणून त्याआधी ठरलं तर बरं.

(त्या विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये यासाठी माझंही नाव छापू नये.)

आपली,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापिका,
कोथरूड, पुणे